चालू यंत्रांचं घर

काचेची एक छोटी नळी. तिच्या गोल माथ्यातून आत पाहिलं की चक्राकार मांडलेल्या बारीक दांड्या दिसतात आणि त्यांतल्या एकीच्या टोकाशी नारिंगी ठिपका तेवत असतो. विजेचा एक ठोका आला की ठिपका पुढच्या घरात सरकतो. आणखी एक ठोका, आणखी एक घर. दहाव्या ठोक्याला फेरी पुरी होते आणि शेजारच्या नळीतला ठिपका एक घर पुढे जातो. पहिली-दुसरीत ‘हातचा एक’ म्हणून जे शिकलो, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. या नळीचं नाव डेकाट्रॉन. अशा ८२८ नळ्या, ४८० रिले, भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या वाचकांची एक रांग, सगळं मिळून वजन अडीच टन, आणि हे सगळं खडखडत चालू असतं. कुठली संख्या कुठल्या ओळीत ठेवलीय हे एकदा कळलं की यंत्राच्या स्मृतीतला आकडा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

इंग्लंडमध्ये ब्लेचली इथल्या ‘द नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग’मध्ये हे यंत्र आहे. १९४९मध्ये त्याची आखणी सुरू झाली आणि १९५१ साली हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात ते कामाला लागलं. तोवर तिथली आकडेमोड माणसं टेबलावरची गणकयंत्रं घेऊन दिवसभर करत. त्यातलं तेच ते, डोकं बधिर करणारं काम यंत्राकडे द्यावं एवढाच हेतू होता. हार्वेलच्या अभियंत्यांनी वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा मानला. एका गुणाकाराला या यंत्राला पाच ते दहा सेकंद लागतात. बार्ट फॉसी नावाच्या तिथल्या गणितज्ञाने एकदा आपलं टेबलावरचं यंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली. अर्धा तास त्याने बरोबरी राखली, मग तो दमून थांबला आणि यंत्र मात्र त्याच संथ चालीने पुढे निघालं. एका नाताळच्या सुट्टीत कागदी पट्ट्यांची भेंडोळी लावून, त्याला एकटं सोडून सगळे घरी गेले. दहाएक दिवसांनी परतले तेव्हाही ते मोजतच होतं. एखादं काम पुन्हा पुन्हा करून हवं असेल तर कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवून तिचं कडं करायचं आणि वाचकावर चढवायचं. आजही ब्लेचलीत तसंच करतात.

१९५७मध्ये हार्वेलला त्याची गरज उरली नाही. तेव्हा यंत्र मोडीत न काढता महाविद्यालयांमध्ये स्पर्धा लावली: याचा सर्वांत चांगला उपयोग कोण करेल? वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्र महाविद्यालयाने ती जिंकली, यंत्राला ‘विच’ असं नाव दिलं आणि १९७३पर्यंत त्यावर विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. पुढे ते बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात गेलं. ते संग्रहालय १९९७मध्ये बंद झाल्यावर सुटं होऊन गोदामात पडलं. गोदामातल्या एका छायाचित्रात त्याचा ओळखीचा भाग कुणाला तरी दिसला म्हणून ते सापडलं. २००९पासून स्वयंसेवकांनी ते साफ केलं, जोडलं, डाख दिला, आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी ते पुन्हा सुरू झालं. चालू स्थितीतला जगातला सर्वांत जुना मूळ अंकीय संगणक हाच. बहुतेक मूळ भागांनिशी तो चालतो, हे मला त्याच्या वयाहूनही मोठं वाटतं.

संगणकाचं संग्रहालय हा प्रकार अवघड आहे. तलवार काचेआड ठेवली तरी तिची धार दिसते. बंद संगणक मात्र काहीच सांगत नाही. करड्या रंगाचं कपाट आणि त्यापुढे माहितीची पाटी, एवढंच उरतं. त्याचं जे काही मोल आहे ते तो चालत असतानाच्या वागण्यात आहे: त्याची उष्णता, आवाज, त्याने करायला लावलेली प्रतीक्षा, त्याच्याशी बोलण्यासाठी माणसाला कराव्या लागलेल्या हालचाली. ब्लेचलीच्या संग्रहालयाने हे ओळखून यंत्रं चालू ठेवण्याचा आणि शक्य तिथे पाहुण्यांना ती चालवू देण्याचा मार्ग धरला. तो किती खर्चाचा आणि किती चिकाटीचा आहे हे दिवसभर तिथे फिरल्यावर थोडंफार कळतं.

लंडनच्या यूस्टन स्थानकातून ब्लेचलीला थेट गाडी जाते आणि तासाभराच्या आत पोचवते. माझी भाची तिथून जवळच राहते. तिला आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी गेले. आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ब्लेचली पार्क म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन गुप्तसंदेश फोडणाऱ्यांचा तळ. तिथला वाडा, लाकडी बराकी आणि तळं पाहायला गर्दी असते. संगणकांचं संग्रहालय त्याच आवारात, पण ते वेगळ्या संस्थेचं आहे, त्याचं तिकीट वेगळं आणि उघडं असण्याचे दिवसही वेगळे. कित्येक पाहुणे वाडा बघून परस्पर परत जातात. ‘ब्लॉक एच’ ही संग्रहालयाची बैठी, विटांची इमारत दिसायलाही साधीच आहे. १९४४मध्ये ती खास संगणक ठेवण्यासाठी बांधली गेली, आणि अशा कामासाठी बांधलेली जगातली ती पहिली इमारत मानली जाते.

ज्या यंत्रांसाठी ती बांधली, त्यांचं नाव कोलोसस.

कोलोससची गोष्ट एका चुकीपासून सुरू होते. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन तारयंत्र-चालकाने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडच्याला तो नीट मिळाला नाही, म्हणून त्याने तोच पुन्हा टंकला. लॉरेन्झ नावाच्या कूटयंत्राच्या चाकांची मांडणी त्याने बदलली नाही, आणि कंटाळून दुसऱ्या वेळी काही शब्द आखूड केले. दोन्ही संदेश इंग्रजांनी टिपले. जॉन टिल्टमन यांनी दहा दिवस खपून ते एकमेकांपासून सोडवले. त्यातून जी सांकेतिक अक्षरांची माळ हाती आली ती बिल टट या तरुण गणितज्ञाकडे गेली. टट यांनी लॉरेन्झ यंत्र कधी पाहिलं नव्हतं. युद्ध संपत येईपर्यंत ब्लेचलीत कुणीच ते पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी कागद-पेन्सिलीवर त्या यंत्राला बारा चाकं आहेत आणि प्रत्येकावर किती दाते आहेत हे शोधून काढलं. माणसाच्या बुद्धीने केलेल्या कामांपैकी इतकं विलक्षण काम मला फार थोडं ठाऊक आहे, आणि टट यांचं नाव आपल्याकडे जवळपास कुणीच ऐकलेलं नसतं.

रचना कळली तरी रोजच्या संदेशासाठी चाकं कुठून सुरू झाली ते शोधायचं तर अफाट मोजणी करावी लागे. टॉमी फ्लॉवर्स टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात टेलिफोन एक्स्चेंजवर काम करत. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह सारखे जळतात, म्हणून हजारो व्हॉल्व्हचं यंत्र टिकणार नाही, असं तेव्हा जाणकारांचं मत होतं. फ्लॉवर्सना अनुभवाने ठाऊक होतं की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा चालू-बंद करताना जातात. कायम चालू ठेवले तर ते वर्षानुवर्षं साथ देतात. सुमारे १,६०० व्हॉल्व्हचा पहिला कोलोसस १९४४च्या सुरुवातीला ब्लेचलीत कामाला लागला. १ जूनला सुमारे अडीच हजार व्हॉल्व्हचा सुधारित नमुना आला आणि युद्धाच्या अखेरीस असे दहा झाले. ते चालवणाऱ्या बहुतेक जणी नौदलाच्या महिला दलातल्या विशी-बाविशीच्या मुली होत्या. कागदी पट्टी ताणून धरणाऱ्या, चाकाचाकांच्या चौकटीला त्यांनी ‘खाट’ असं नाव ठेवलं होतं, आणि अजूनही सगळे तेच म्हणतात.

त्या खाटेपाशी मी बराच वेळ उभी होते. संदेशाची पट्टी कड्यासारखी जोडलेली असते आणि सेकंदाला पाच हजार अक्षरं या वेगाने फिरते, म्हणजे ताशी चव्वेचाळीस किलोमीटरच्या आसपास. कागदाचा पांढरा पट्टा त्या वेगात स्थिर भासतो. हवेत तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास असतो, तोच जो आमच्या घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागून नाक लावलं की यायचा. खोली उबदार. इंग्लंडच्या हिवाळ्यात रात्रपाळीच्या मुलींना या उबेचं केवढं सुख वाटत असेल, आणि उन्हाळ्यात केवढा जाच.

ज्याच्यापुढे मी उभी होते तो मूळचा नाही. युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडले गेले. १९६०च्या सुमारास फ्लॉवर्सना कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम आला आणि त्यांनी आराखडे भट्टीत घातले. ज्या मुलींनी यंत्रं चालवली त्या तीस वर्षं घरच्यांशीही याबद्दल बोलल्या नाहीत. १९९३मध्ये टोनी सेल या अभियंत्याने कोलोसस पुन्हा बांधायला घेतला तेव्हा हाती होती १९४५ची आठ छायाचित्रं, आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले मंडलांच्या आकृत्यांचे तुकडे. सेल छायाचित्रांवरून मापं काढत बसले. जुन्या अभियंत्यांची दारं ठोठावून त्यांच्या आठवणीतून पट्टी वाचणाऱ्या प्रकाशयंत्रणेची रचना मिळवली. टेलिफोन खात्याची जुनी एक्स्चेंज त्याच काळात मोडीत निघत होती, तिथले रिले आणि चौकटी आणल्या. १९९६मध्ये यंत्र पहिल्यांदा चाललं तेव्हा नव्वदीतले फ्लॉवर्स समोर होते. पूर्ण काम २००७मध्ये संपलं. त्याच वर्षी जर्मनीहून रेडिओवरून पाठवलेला लॉरेन्झ संदेश फोडण्याची स्पर्धा ठेवली गेली. कोलोससला काही तास लागले; बॉनच्या एका प्रोग्रॅमरने आपल्या लॅपटॉपवर चाकांची मांडणी ४६ सेकंदांत शोधली. साठ वर्षांच्या प्रगतीनंतरचा हा फरक माझ्या अपेक्षेहून कमी निघाला.

नवा कोलोसस उभा आहे तो मूळ नवव्या कोलोससच्याच जागी.

पुढच्या दालनातलं एलियट ८०३ हे साठच्या दशकातलं यंत्र माझं सर्वांत आवडतं झालं, तेही त्याच्या आवाजासाठी. त्याच्या नियंत्रण-फलकात एक लाउडस्पीकर आहे. प्रोग्रॅममध्ये उडी मारायची आज्ञा आली की स्पीकरला एक टिचकी बसते, आणि हजारो टिचक्यांचा मिळून सूर तयार होतो. प्रत्येक कामाचा सूर निराळा. चालक दुसऱ्या खोलीत चहा पीत बसला तरी त्याला कानाने कळे की आता आकडे वाचून झाले, आता गणित सुरू आहे. एकच सूर न बदलता लांबत गेला की प्रोग्रॅम कुठेतरी अडकून गोल फिरतोय. साठवणुकीसाठी या यंत्राला सिनेमाच्या मापाची ३५ मिलिमीटरची फिल्म लागते, प्रतिमेऐवजी चुंबकीय लेप दिलेली. कडेची भोकंही सिनेमासारखीच. क्विकसॉर्ट या क्रम लावण्याच्या रीतीसाठी ओळखले जाणारे टोनी होर तरुणपणी या एलियट कंपनीत होते आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर या यंत्रासाठी अल्गोल भाषेचा भाषांतरक लिहिला. संगणकशास्त्र शिकताना आम्हाला ही नावं फळ्यावरच भेटली होती. इथे त्यांच्या कामाचा आवाज ऐकला.

एडसॅकचं दालन वेगळ्या कारणासाठी पाहावं. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या मूळ एडसॅक संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवून वर्गांचा तक्ता छापला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांत होती. नळीच्या एका टोकाला ध्वनीचा ठोका द्यायचा, तो पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंतचा काळ म्हणजे आठवण. पोचला की पुन्हा पहिल्या टोकाला पाठवायचा. नेहमी लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे कागदी पट्ट्यांवर लिहून पोलादी कपाटात ठेवण्याची पद्धत तिथे रुजली, आणि आज जगभर जी सॉफ्टवेअरची ‘लायब्ररी’ म्हणतात तिचं एक मूळ त्या कपाटात आहे. याच यंत्रावर १९५२मध्ये फुली-गोळ्याचा खेळ लिहिला गेला. विल्क्स यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की आपलं उरलेलं आयुष्य बरंचसं स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्या दिवसांत एकदा जिन्यावर लख्ख कळलं. मूळ यंत्र १९५८मध्ये मोडलं. ब्लेचलीत स्वयंसेवक २०११च्या सुमारापासून त्याची प्रतिकृती बांधत आले आहेत. पाऱ्याचा धोका नको म्हणून निकेलची तार वापरली, बाकी सुमारे तीन हजार व्हॉल्व्ह तसेच. ज्यांनी एकेकाळी असली यंत्रं दुरुस्त केली ती माणसं आता फार वयाची झाली आहेत, म्हणून तरुण स्वयंसेवकांना ती जवळ बसवून शिकवतात. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरचा ठोका ‘आजारी’ कधी दिसतो, हे पुस्तकात लिहून ठेवता येत नाही.

आयसीएल कंपनीच्या मोठमोठ्या, कपाटांएवढ्या मेनफ्रेम संगणकांचं दालन आम्ही भराभर ओलांडलं. तिथला खरखरणारा प्रिंटर तेवढा भाचीच्या मुलाला आवडला.

डूम्सडे प्रकल्पाचं टेबल मात्र ओलांडू नये. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशभरातल्या जमिनींची आणि माणसांची नोंद करवून घेतली, ती चामड्याच्या पानांवरची वही आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६मध्ये बीबीसीने देशाचं नवं चित्र गोळा केलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी, बहुतेक शाळकरी मुलांनी, आपल्या गावाबद्दल लिहून पाठवलं आणि ते सगळं लेझर तबकड्यांवर गेलं. पंधरा-वीस वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि अख्ख्या देशाची नोंद हाताशी असून अगम्य होण्याच्या बेतात आली. ब्लेचलीत त्यातलं एक यंत्र चालू आहे. नकाशावर गाव निवडलं की १९८६मधल्या कुणा मुलीने आपल्या शाळेबद्दल लिहिलेल्या चार ओळी पडद्यावर येतात. आपल्या सातबारापासून जनगणनेपर्यंत सगळं आता संगणकावर चढवलं जातंय. ते तीस वर्षांनी कशावर वाचायचं, हा प्रश्न इथे फार जवळून भिडतो.

आणि मग तो वर्ग. शाळेसारखी मांडलेली टेबलं आणि प्रत्येकावर एकेक बीबीसी मायक्रो, १९८१चं अ‍ॅकॉर्न कंपनीचं यंत्र. कळफलक आणि संगणक एकाच फिकट पेटीत, वरच्या ओळीत लालसर कळा. खटका दाबला की जाड आणि पातळ असे दोन स्वर लागोपाठ उमटतात आणि काळ्या पडद्यावर यंत्राचं नाव, ३२ के, बेसिक, अशा तीन-चार ओळी येतात. त्याखाली एक छोटं बाणाचं चिन्ह. पुढचं सगळं तुमच्यावर. आजच्या फोनसारखी चित्रं नाहीत, निवडायला काही नाही. काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र हलत नाही. इंग्लंडची एक पिढी प्रोग्रॅमिंग यावरच शिकली. त्याची बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी लिहिली, आणि पुढे त्यांनीच स्टीव्ह फर्बर यांच्यासह एआरएम प्रोसेसर घडवला, ज्याचे वंशज आज बहुतेक सगळ्यांच्या खिशात आहेत.

हे यंत्र मी आधी पाहिलं होतं. १९८४-८५मध्ये भारत सरकारने शाळांमध्ये संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ योजना सुरू केली, ती बीबीसी मायक्रोवरच. सुमारे २५० शाळांपासून सुरुवात झाली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये याच यंत्राची भारतीय आवृत्ती जुळवली गेली. आमच्या जिल्ह्याच्या गावच्या शाळेत ती यंत्रं आली तेव्हा एका खोलीला पडदे लागले, एसी बसला, गालिचा आला. चपला बाहेर काढून, ओळीने, भिंतीला टेकून उभं राहायचं. सर टंकायचे, आम्ही बघायचो. कळफलकाला हात लावायची परवानगी पुढच्या वर्षी मिळेल असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी खोलीला कुलूप होतं, कारण काहीतरी बिघडलं होतं आणि दुरुस्त करणारं कुणी जवळपास नव्हतं. सरांना मी दोष देत नाही. एवढी महागडी वस्तू त्यांच्या सहीने आलेली, ती बिघडली तर जाब त्यांनाच. पण त्या वर्गातल्या साठ जणांपैकी कितीकांचा संगणकाशी पहिला परिचय ‘हात लावायचा नाही’ असा झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्लेचलीच्या वर्गात कुणी रागावत नाही. टेबलावर छापील कागद असतात, त्यात छोटे प्रोग्रॅम; बघून टंकायचे. भाचीच्या मुलाने दोन ओळी लिहिल्या. दहाव्या क्रमांकाला आपलं नाव छापायची आज्ञा, विसाव्या क्रमांकाला पुन्हा दहावर जायची. पडदा त्याच्या नावाने भरून वाहायला लागला.

“मावशीआजी, हे थांबत का नाही?”

“तू त्याला थांबायला सांगितलंयस का?”

तो विचारात पडला. मग कळफलकावर शोधून त्याने एस्केपची कळ दाबली, पडदा थांबला, आणि कितव्या ओळीवर थांबला ते यंत्राने लिहून दाखवलं. पुढचा अर्धा तास तो ओळी बदलून बघत होता. दोन नावं, मध्ये मोकळी जागा, एक चूक, चूक दाखवणारा संदेश, दुरुस्ती. त्याच्या आईने दोनदा घड्याळ दाखवलं तरी उठेना. घरी त्याच्याकडे टॅबलेट आहे. पण यंत्राला काहीतरी लिहून आज्ञा द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

हे सगळं चालतं ते देणग्या, तिकिटं आणि स्वयंसेवकांवर. यातले बरेचजण निवृत्त अभियंते, प्रोग्रॅमर; कुणी तरुणपणी ज्या यंत्रावर नोकरी केली त्याच यंत्राची देखभाल आता विनामूल्य करतात. अशी घरं पैसा असूनही टिकतीलच असं नाही. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी सिअ‍ॅटलमध्ये असंच चालू यंत्रांचं संग्रहालय उभारलं होतं. २०१२मध्ये ते लोकांसाठी उघडलं. सीडीसी ६५००सारखी पाण्याने थंड करायची महायंत्रं तिथे चालत आणि घरबसल्या कुणालाही इंटरनेटवरून जुन्या यंत्रांवर खातं उघडून काम करता येई. २०१८मध्ये अ‍ॅलन गेले. २०२०मध्ये साथीमुळे दारं बंद झाली ती पुन्हा उघडली नाहीत, आणि २०२४मध्ये संग्रहातल्या वस्तू लिलावात विकल्या गेल्या. वस्तू कुठेतरी सुरक्षित राहतील. पण त्या चालवणारी माणसं एका छपराखाली होती, ती पांगली.

मुंबईचा विचार मनात येतोच. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने पन्नासच्या दशकात स्वतःचा संगणक बांधला. आधी लहान नमुना, मग पूर्ण यंत्र. व्हॉल्व्हचं, चुंबकीय कड्यांच्या स्मृतीचं. १९६०मध्ये ते सुरू झालं आणि १९६२मध्ये नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असं नाव दिलं. एडसॅकनंतर अवघ्या अकरा वर्षांनी, सुटे भाग मिळवण्यापासून मारामार असलेल्या देशात, तरुण पदवीधरांनी हे केलं. १९६४मध्ये संस्थेत अमेरिकी सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. एडसॅकचंही तसंच झालं होतं. फरक एवढाच की एडसॅक पुन्हा बांधला जातोय. कोलोसस आठ छायाचित्रांवरून उभा राहिला. टिफ्रॅक तर कधी गुप्तही नव्हता, त्याचं वर्णन तेव्हाच प्रसिद्ध झालेलं आहे. त्याची चालू प्रतिकृती मुंबईत किंवा पुण्यात उभी राहू शकते, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत, दरवर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हातून, थोडीथोडी. पुण्यात १९९१मध्ये ‘परम’ महासंगणक घडला. जुनी यंत्रं समजून घेण्याची हौस या शहरात असायला हरकत नाही.

आपल्याकडे घाई आहे ती यंत्रांपेक्षा माणसांची. साठच्या दशकापासून मुंबईच्या कचेऱ्यांमध्ये आयबीएम १४०१ आले. १९७८मध्ये आयबीएमने भारत सोडला आणि ती यंत्रं चालू ठेवायची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांवर पडली. परदेशातून मदत नाही, तरी त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. रेल्वेत, विम्यात, गिरण्यांत, बँकांत पंचिंगला, म्हणजे कार्डांवर भोकं पाडून माहिती भरायला, बसणाऱ्या शेकडो मुली होत्या. त्या आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, कुणाची आई, कुणाची आत्या. यातलं कुणी तुमच्या घरात असेल तर या दिवाळीत फराळ झाल्यावर त्यांना समोर बसवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांच्या पाळीतला एक दिवस पहिल्यापासून विचारा. यंत्राच्या खोलीत शिरताना काय वास यायचा. चुकीचं भोक पडलं तर कार्डाचं काय करायचे. मशीन बंद पडल्यावर पहिला हात कुठे जायचा. कार्डांचा गठ्ठा हातातून सटकून जमिनीवर पसरला तर हजार कार्डांचा क्रम परत कसा लावायचे, आणि गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने ती तिरकी रेघ कुणी मारून ठेवलेली असायची.